शरणपूर

माझं सगळं लहानपण नाशिकला शरणपूर रोडलगतच्या एका गल्लीत गेलं. शाळा, शिकवणी, दळण, दवाखाना, सगळं याच रस्त्यावर. रिक्षात बसून 'शरणपूर रोड' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागायचं नाही. नाव तोंडात इतकं बसलेलं की ते गंगापूर, म्हसरूळ यांच्यासारखंच एखाद्या जुन्या गावाचं असणार, असं मी धरून चालले होते. शरण आलेल्यांचं पूर. चौथीतल्या मुलालाही फोड करता येईल इतका सरळ शब्द. चाळिशी उलटेपर्यंत मी तो कधी फोडून पाहिला नाही.

पाहिला तो अगदी अवचित. दुसरंच काही शोधायला म्हणून जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर उघडलं होतं. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीबद्दल वाचताना आफ्रिकी मुलांचा उल्लेख आला आणि मी थबकले. आफ्रिकी मुलं? इथे? जिथे आम्ही संध्याकाळी पाणीपुरी खायला जायचो तिथे? त्या उल्लेखाचं बोट धरून मी पुढची दोन-तीन वर्षं जमेल तसं वाचत गेले. आफ्रिका पायी धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशा, मिशनऱ्यांचे वृत्तान्त, केनियातल्या मोंबासाचा इतिहास. वाचता वाचता कित्येकदा चष्मा काढून बाजूला ठेवावा लागला.

गोष्ट सुरू होते ती नाशिकपासून फार लांब, आजच्या मलावी देशात, शिरे नदीच्या वरच्या डोंगराळ मुलखात. तारीख १६ जुलै १८६१. लिव्हिंग्स्टन आणि बिशप मॅकेन्झी यांची माणसं म्बामे नावाच्या गावात विसावली होती. तेवढ्यात टेकडीला वळसा घालून माणसांची एक लांबच लांब रांग दरीत उतरली. बाप्ये, बायका, पोरं, सगळी बांधलेली. पुढे-मागे बंदुका घेतलेले हाकारे, त्यातले काही जण पत्र्याची लांब शिंगं फुंकत, वरात निघाल्यासारखे ऐटीत चाललेले. गोऱ्यांना पाहताच हाकारे रानात पसार झाले.

बायका-पोरांचे दोर सुरीने कापता आले. पुरुषांचं काम सोपं नव्हतं. प्रत्येकाची मान सहा-सात फूट लांबीच्या जाडजूड दुबेळक्यात अडकवलेली आणि गळ्यासमोरून लोखंडी सळई घालून ती दोन्ही टोकांना ठोकून पक्की केलेली. बिशपच्या सामानात नशिबाने एक करवत निघाली. तिने एकेक दुबेळकं कापून काढलं. मग त्या बायकांना सांगितलं, तुमच्या डोक्यावरच्या पिठाचंच काहीतरी रांधा आणि मुलांना खाऊ घाला. आधी त्यांचा विश्वास बसेना. बसला तेव्हा त्यांनी चुली पेटवल्या, आणि जळण म्हणून त्यात घातली ती स्वतःच्या मानेवरून उतरवलेली लाकडं.

सुटलेली माणसं ८४ होती, त्यात बायका-मुलंच जास्त. काही मुलं पाच वर्षांची, काही त्याहून लहान. आदल्याच दिवशी दोन बायकांनी दोर सोडवायचा प्रयत्न केला म्हणून त्यांना गोळ्या घातल्या होत्या. एका आईला ओझं आणि तान्हं मूल दोन्ही उचलवेना, म्हणून त्या मुलाचं डोकं फोडून टाकलं होतं. ओझं महत्त्वाचं होतं. हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरतो आहे, पण ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्या घोळक्यातला एक लहान मुलगा एका माणसाजवळ आला आणि म्हणाला, "त्या लोकांनी आम्हाला बांधलं, उपाशी ठेवलं. तुम्ही दोर कापता आणि खा म्हणता. तुम्ही आहात तरी कोण? आलात कुठून?"

लिव्हिंग्स्टननी हे बोलणं लिहून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. मुलाचं नाव लिहिलेलं नाही. या प्रश्नापाशी मी फार वेळ थांबले. मुलगा आभार मानत नाही, पाया पडत नाही. जो दोर कापतो आहे त्याच्याचकडे तो ओळख मागतो आहे. पाच-सहा वर्षांच्या आयुष्यात त्याला एवढं कळून चुकलं होतं की मोठी माणसं मुलाला हातात घेतात तेव्हा आधी त्यांचा इरादा विचारावा.

ही माणसं कुठे नेली जात होती? तिथल्या लहान मुलांचा आणि झांझिबारच्या लवंगेचा काय संबंध? संबंध असा की झांझिबार आणि पेम्बा या बेटांवर लवंगेचे मळे फोफावले होते आणि लवंग खुडायला हात लागत होते. हस्तिदंताला जगभर भाव होता, आणि तो किनाऱ्यापर्यंत माणसांच्या डोक्यावरूनच यायचा. त्या हस्तिदंताची एक मोठी पेठ होती आपली मुंबई. गुजरात-राजस्थानकडच्या नवरीच्या हातातला चुडा त्यातूनच घडायचा. झांझिबारला जकातीचा मक्ता कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता आणि आत मुलखात जाणाऱ्या तांड्यांना कर्ज देणारे सावकार आपल्या किनाऱ्यावरचेच होते. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतले कापसाचे मळे येतात आणि आपण मनातल्या मनात बाजूला होतो. या गोष्टीत आपल्याला बाजूला होता येत नाही.

त्या वर्षी सुटलेल्या मुलांत याओ जमातीचे दोघे होते, चुमा आणि विकातानी. याओ लोक स्वतःही गुलामांच्या व्यापारातले दलाल होते. विकातानीला तर त्याच्या बापानेच विकलं होतं. हे वाचून प्रथम मला बापाचा संताप आला. मग दुष्काळात, कर्जात पोरं गहाण टाकल्याच्या आपल्याकडच्या कहाण्या आठवल्या आणि संतापाला नुसता बाप पुरेना.

बिशप मॅकेन्झींबरोबर आलेल्या मिशनऱ्यांची वस्ती तापाने आणि उपासमारीने मोडली. खुद्द बिशप वर्षभरात वारले. सगळं गुंडाळायची वेळ आली तेव्हा लिव्हिंग्स्टन आपली 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट विकायला मुंबईला निघाले. ३० एप्रिल १८६४ ला झांझिबार सोडलं. नदी आणि सरोवरासाठी बांधलेली बोट, मूठभर माणसं, अडीच हजार मैलांचा समुद्र आणि तोंडावर आलेला पावसाळा. बोटीवर ही दोन पोरंही होती. ४५ दिवसांनी, १३ जूनला, बोट मुंबई बंदरात शिरली. कोकणच्या किनाऱ्यावर मृगाच्या सरी सुरू होण्याचे ते दिवस. दर्याची सवय नसलेल्या त्या मुलांनी काय पाहिलं असेल? धुक्यातून वर येणारी डोलकाठ्यांची रांग, बंदरावरचा गलबला, आणि कदाचित आपल्यासारख्याच चेहऱ्याची माणसं. कारण मुंबईच्या गोदीत आणि आगबोटींच्या भट्ट्यांपाशी सिद्दी खलाशी राबत होते.

चुमा आणि विकातानीला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. १८६५ च्या अखेरीस दोघांचा बाप्तिस्मा झाला. चुमाचा जेम्स झाला, विकातानीचा जॉन.

आता नाशिक.

त्या काळी ब्रिटिश नौदलाच्या बोटी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि अरबस्तानाजवळ गुलाम वाहणारी गलबतं पकडत. पकडलेल्या गलबतातली माणसं कुठे उतरवायची हा प्रश्न असे. परत सोडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली जातील. म्हणून काही मॉरिशसला, काही एडनला आणि बरीच मुंबईला आणली जात. त्यातल्या मुलांना मिशनऱ्यांच्या हवाली करत. विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज मिशनऱ्याने १८५० च्या दशकात नाशिक शहराबाहेर एक ख्रिस्ती गाव वसवलं आणि त्याला मराठी नाव दिलं, शरणपूर. पुढे या आफ्रिकी मुलांचा आश्रमही तिथेच आला. मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचं, सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकवायचं. मुलींना शिवणकाम. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना.

कागदपत्रं इथे कोरडी होतात, आणि जे मला हवं असतं ते नेमकं त्यांत नसतं. ती मुलं गोदावरीत पोहली का? पहिल्या थंडीत, नाशिकच्या त्या हाडात शिरणाऱ्या थंडीत, कोणी त्यांना गोधडी दिली का? गावातल्या पोरांनी त्यांना काय म्हणून हाक मारली? यातली शेवटची गोष्ट मला ठाऊक असल्यासारखी वाटते, कारण आमच्या वर्गात एक काळीसावळी मुलगी होती आणि तिला आम्ही ज्या नावाने चिडवायचो ते नाव मी इथे लिहिणार नाही. ती रडायची. आज ती भेटली तर काय बोलायचं हे मला कळणार नाही.

नावं मात्र कागदपत्रांत भरपूर आहेत. जेकब वेनराइट. मॅथ्यू वेलिंग्टन. केरस फरार. रिचर्ड इझेनबर्ग. एडवर्ड गार्डनर. आफ्रिकेच्या अंतर्भागातल्या एका गावात जन्मलेलं मूल गोदाकाठी येऊन मॅथ्यू वेलिंग्टन होतं! फरार हे नाशिकच्या सुरुवातीच्या एका मिशनऱ्याचं आडनाव, इझेनबर्ग हे मुंबईत काम केलेल्या एका जर्मन मिशनऱ्याचं. आईने हाक मारलेलं नाव फार थोड्यांचं टिकलं. मॅथ्यूचं टिकलं. त्याचं नाव होतं चेंग्विम्बे. मी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. घरात कोणी नव्हतं.

१८६५ च्या शरदात लिव्हिंग्स्टन नव्या मोहिमेच्या तयारीसाठी पुन्हा मुंबईत आले आणि तिथून नाशिकला. त्याच वर्षी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली होती. शरणपुरातली नऊ मुलं त्यांच्याबरोबर जायला तयार झाली. 'नासिक बॉइज' हे त्यांचं नाव तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत छापलं जातंय. जानेवारी १८६६ मध्ये 'थुले' ही बोट मुंबईहून निघाली. तीवर ही नऊ मुलं, चुमा, विकातानी, काही हिंदी शिपाई आणि उंट, म्हशी, खेचरं, गाढवं. ज्या समुद्रावरून एकदा आणलं गेलं, त्याच समुद्रावरून आता उलट्या दिशेने.

परत जाणं हे ऐकायला किती गोड वाटतं. पण परत कुठे? सात-आठ वर्षांच्या मुलाला गावाचं नाव माहीत असतं, वाटेचं नसतं. झाड, ओढा, आजीच्या झोपडीचं दार एवढं आठवतं. त्या मुलखात तर पळवापळवीने गावंच्या गावं उठली होती. ज्या दाराकडे परतायचं ते दारच जागेवर नसेल, आणि असलं तरी आत कोण?

विकातानीला ते दार सापडलं. सप्टेंबर १८६६ मध्ये, न्यासा सरोवराच्या दक्षिणेला, त्याला त्याचा एक भाऊ भेटला. आणखी भावंडं जवळच राहतात असं कळलं. विकणारा बाप मरून गेला होता. लिव्हिंग्स्टननी विचारलं, राहायचंय का? विकातानी तत्काळ हो म्हणाला. नातेवाईक आपल्याला पुन्हा विकणार नाहीत, असं त्याला वाटत होतं. हे लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीतलं साधं वाक्य आहे, पण पोरगं घरी चाललंय आणि घरच्यांबद्दल त्याची एवढीच अपेक्षा आहे. आपण माहेरी निघताना पिशवीत काय काय भरतो! त्याच्या निरोपाच्या पिशवीत एक चकमकीची बंदूक होती, थोडं कापड होतं आणि काही कोरे कागद. वाटलं तर पत्र लिही, म्हणून. त्या सरोवराच्या काठी, मुंबईच्या शाळेत अक्षर गिरवलेला तो एकटा मुलगा आणि त्याचे ते कोरे कागद मला विसरता येत नाहीत.

चुमा पुढे चालत राहिला. नाशिकच्या मुलांतला रिचर्ड इझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत वारला. जेम्स रटन पुढे एका बाणाने गेला. काही मुलं वैतागून निघून गेली, काही परत आली. लिव्हिंग्स्टन कधी त्यांना आळशी म्हणत, कधी चोरटे म्हणत. पण एकदा त्यांनी असंही लिहिलं की पळून गेलेल्यांना मी मनातून फार दोष दिला नाही, ते चालून चालून थकले होते आणि मीही थकलोय. एवढ्यासाठी मला तो म्हातारा जवळचा वाटतो.

ऑगस्ट १८७२ मध्ये नाशिकच्या मुलांची आणखी एक तुकडी, आता चांगली तरणीताठी झालेली, त्यांना येऊन मिळाली. तीत जेकब वेनराइट होता, मॅथ्यू होता, केरस फरार होता. जेकबही मूळचा याओ. लहानपणी पकडला गेलेला, ब्रिटिश जहाजाने सोडवलेला, शरणपुरात शिकलेला. त्याचं लिहिणं-वाचणं त्या सगळ्या तांड्यात सरस होतं.

मे १८७३ च्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावाजवळ लिव्हिंग्स्टन गेले. पहाटे बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत माणसांना ते निष्प्राण सापडले. आसपास शेकडो मैलांत एकही गोरा माणूस नाही. आज्ञा देणारं कोणी उरलं नव्हतं. वाटून घेऊन पांगायचं ठरवलं असतं तर त्यांना कोण विचारणार होतं? प्रेत घेऊन प्रवास करणं त्या मुलखात अशुभ होतं आणि जिवावरचंही. चुमा, लिव्हिंग्स्टनचा जुना आफ्रिकी सोबती सुसी आणि बाकीच्या सगळ्यांनी बसून ठरवलं की डॉक्टरांना समुद्रापर्यंत न्यायचं.

आधी सामानाची यादी केली, म्हणजे नंतर कोणी चोरीचा आळ घेऊ नये. ती जेकबने लिहिली. गावाबाहेर वर आभाळाला उघडी अशी एक झोपडी बांधली. शरीर उघडून आतडी आणि काळीज काढलं. केरस फरारने त्यात हात लावला. पत्र्याच्या डब्यात ते ठेवून एका म्पुंदू झाडाखाली पुरलं आणि जेकबने प्रार्थना वाचली. मग शरीर मिठात घालून चौदा दिवस उन्हात वाळवलं, कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं आणि वरून शिडाचं कापड शिवलं. निघण्याआधी जेकबने त्या झाडाच्या बुंध्यावर अक्षरं कोरली.

इथवर लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लिव्हिंग्स्टनना मी सुरुवातीपासून 'ते' म्हणते आहे आणि जेकबला 'तो'. मराठीत हे आपोआप होतं, हात आधी लिहून मोकळा होतो. मुलगा होता तोवर ठीक होतं. आता त्या झाडासमोर उभ्या असलेल्या माणसाला 'तो' म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा इथून पुढे जेकब वेनराइट ते, आणि चुमाही ते.

जवळजवळ नऊ महिने ते चालले. आजारपणं, मारामाऱ्या, वाटेत मेलेले सोबती. ताबोराजवळ गोऱ्यांची एक शोधमोहीम भेटली. तिच्या नायकाने सल्ला दिला, इथेच पुरून टाका. यांनी ऐकलं नाही. पुढच्या गावांतून प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी एक खोटं गाठोडं करून ते पुरायला परत पाठवल्याचं सोंग केलं आणि खरं शरीर कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून खांद्यावर घेतलं. बाजारात नेण्यासाठी कधी काळी गठ्ठ्यासारखीच नेली गेलेली ही मुलं होती.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला समुद्रावर पोचले. तिथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शव ताब्यात घेतलं, पगार चुकते केले आणि बहुतेकांना निरोप दिला. आभाराचा सोहळा वगैरे काही नाही. जेकब तेवढे इंग्लंडला गेले, कारण मिशनने त्यांचं भाडं भरलं. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत ते उभे होते. चुमा आणि सुसी नंतर पोचले, अंत्यसंस्कार उरकल्यावर, आणि त्यांनी रोजनिशांतल्या जागा-माणसांची ओळख पटवून त्या छापायला मदत केली.

अॅबीतल्या शिळेवर सुरुवातीला लिहिलंय की इमानी हातांनी भूमीवरून आणि सागरावरून आणलेला असा हा इथे विसावला आहे. पुढे साठ सोबत्यांसाठी पदकंही पाडली गेली, त्यांवरही तेच, अखेरपर्यंत इमानी. हा 'इमानी' शब्द मला आवडत नाही. इमानी नोकर असतो. धनी मेल्यावर ज्यांनी बैठक घेतली, यादी केली, गोऱ्या साहेबाचा सल्ला नाकारला, युक्ती लढवली, ती माणसं स्वतःच्या मनाने चालत होती. शिळेवर त्या हातांची नावं नाहीत.

इकडे १८७३ च्या जूनमध्ये झांझिबारच्या सुलतानाने करारावर सही केली आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. त्यासाठी गेले होते सर बार्टल फ्रेअर, मुंबईचे माजी गव्हर्नर. मुंबईत त्यांच्या नावाचा फ्रेअर रोड होता, आज तो पी. डिमेलो रोड आहे. त्यांच्या सूचनेवरून मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांसाठी वस्ती उभी राहिली, फ्रेअरटाउन. ती उभारायला गेले नाशिकचेच प्राइस, आणि त्यांच्यामागून १८७५ च्या सुमारास शरणपुरातले दीडशेच्या आसपास आफ्रिकी स्त्री-पुरुष. तिथे त्यांना नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन्स'. इथे हबशी, तिथे मुंबईवाले. तिथल्या लोकांना त्यांचे कपडे, त्यांचं बोलणं परकं वाटे. गोऱ्या मिशनऱ्यांना त्यांचा ताठ कणा खुपे. पुढे एका व्यवस्थापकाने चाबूक चालवल्याच्या तक्रारीही झाल्या. जे ज्याच्यातून सुटून आले, तेच त्यांच्यापुढे पुन्हा आलं.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त ओढ लागली ती विल्यम जोन्स यांची. याओच, शरणपुरात वाढलेले. ते आणि त्यांच्या पत्नी जमायमा १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या रबाईला गेले होते. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टननी जोन्सना दीक्षा दिली, पूर्व आफ्रिकेतल्या त्यांच्या चर्चचे ते पहिल्या आफ्रिकी धर्मसेवकांपैकी. त्याच वर्षी हॅनिंग्टन आजच्या युगांडातल्या बुसोगात मारले गेले. उरलेला तांडा घेऊन जोन्स परत आले, फेब्रुवारी १८८६ मध्ये. पुढे निळा झेंडा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, 'इकाबोद'. बायबलमधला तो शब्द, वैभव गेलं असा. रबाईच्या लोकांनी तो लांबूनच वाचला असेल. निरोप्या पुढे पाठवण्याची गरज उरली नाही.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रात्री-बेरात्री रबाईला येत. कायद्याने ते कोणाच्या तरी मालकीचे होते आणि त्यांना ठेवून घेणं मिशनला अडचणीचं होतं. मालक हत्यारं घेऊन येण्याच्या धमक्या देत. जोन्स त्यांना ठेवून घेत राहिले. दहा-वीस नाही, शेकडो. अखेर व्यापारी कंपनीने मालकांना पैसे देऊन हा तिढा सोडवला, आणि १ जानेवारी १८८९ ला रबाईत चौदाशेच्या वर माणसांच्या हातात मुक्ततेचे कागद पडले. शरणपूर या नावाचा अर्थ मला कोणी विचारला तर मी तो दिवस सांगेन.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या नोकरीमुळे केनियाला जाणं झालं. मोंबासाला बेटावरून पूल ओलांडला की मटाटूचा, म्हणजे तिथल्या मिनीबसचा, कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतो, "केंगेलेनी! केंगेलेनी!" स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. थांब्याला हे नाव ज्या घंटेमुळे पडलं ती फ्रेअरटाउनची घंटा रस्त्याकडेलाच उभी आहे. गुलाम वाहणारं गलबत किनाऱ्याकडे दिसलं की ती वाजवायची, म्हणजे सुटलेल्या माणसांना पुन्हा धरून नेलं जाऊ नये. आता भोवती रिक्षा, फळवाल्या, मोबाइलची दुकानं. रिक्षा तर आपल्याच बजाजच्या. तिथल्या सावलीत दोन शाळकरी मुलं वाटाणे खात बसली होती.

जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारले. चुमा त्याआधीच, १८८२ मध्ये, झांझिबारला क्षयाने गेले. चेंग्विम्बे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टन, सगळ्यांत जास्त जगले आणि १९३५ मध्ये याच मोंबासात वारले. माझ्या आजीचं लग्न त्या वर्षी झालं होतं. इतकं जवळचं आहे हे. ते म्पुंदूचं झाड पुढे किडलं, तेव्हा १८९९ मध्ये अक्षरांचा बुंधा कापून लंडनला नेला. त्यावर लिव्हिंग्स्टनचं नाव आहे, तारीख आहे आणि तांड्यातल्या तिघांची नावं आहेत. कोरणाऱ्याने स्वतःचं नाव कोरलेलं नाही.

घंटेपासून थोडं आत जुनं चर्च आहे. दार बंद होतं. मी परतायला निघाले तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. कुठून आलात, त्यांनी विचारलं. इंडिया म्हटलं. इंडियात कुठे? मी सांगितलं, "नाशिक."

त्यांनी किल्ल्या दुसऱ्या हातात घेतल्या. "नासिक," ते म्हणाले. श नाही, स. माझी आजी म्हणायची तसं. मग हात पुढे केला आणि माझा हात हातात घेऊन दार उघडेपर्यंत सोडला नाही.